डोंगर उंच म्हणून पक्षी मोठा? फोटो तरी नीट बघा

आमच्या ठाण्यातल्या घोडबंदरच्या सोसायटी ग्रुपवर परवापासून एक फॉरवर्ड फिरतोय, "डोंगर जितका उंच तितका गाणारा पक्षी मोठा आणि पंख आखूड, निसर्गाचा नियम", सोबत लडाखच्या भल्यामोठ्या कावळ्याचा फोटो, आणि खाली कुणीतरी "म्हणूनच येऊरच्या डोंगरावरचे पक्षी खाडीवरच्यांपेक्षा गुटगुटीत" हेही चिकटवलंय.

आधी फोटो. तो आपला कावळा थंडीने फुगलेला नाहीये, तो रेव्हन, जातच वेगळी, आणि बिकानेरकडच्या वाळवंटातही तो धिप्पाडच असतो, तिथे कुठला डोंगर आणणार?

नियम अगदीच थाप नाही हां. बर्गमन या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये मांडलं की जवळच्या जातींमध्ये थंड प्रदेशातल्या अंगाने मोठ्या, कारण मोठ्या अंगातून वजनाच्या मानाने उष्णता कमी जाते. पण डोंगरावर नुसती थंडी नसते, हवा विरळ, खायला कमी, आणि बरेच पक्षी थंडी पडली की सरळ खाली उतरतात, मग अंग कशाला वाढवतील?

मग लहान जीव तगतात कसे? पिसांवर. एसीच्या युनिटवर पडलेलं कबुतराचं अंगावरचं पीस उचलून बघा, वरचा भाग चपटा आणि बुडाशी कापसासारखा भुरभुरीत. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या हिमालयी गाणाऱ्या पक्ष्यांच्या २४९ जातींची पिसं तपासली, २०२१ चा अभ्यास आहे, तर उंचावरच्या जातींत या कापसाचा वाटा जास्त निघाला, आणि लहान पक्ष्यांची पिसं अंगाच्या मानाने लांब. म्हणजे अंग छोटंच, स्वेटर जाड. पाच-सहा ग्रॅमचा गोल्डक्रेस्ट तीन हजार मीटरवर मजेत किडे टिपतो तो असा.

पंख आखूड? उलट, विरळ हवा कमी उचलते, तिथे लांब पंख कामाचा. आणि पंखाची लांबी म्हणजे मुख्यतः पिसंच, त्यात रक्त खेळत नाही, मग उष्णता वाचवायला ती छाटून काय मिळणार? चोच आणि पाय थंडीत आखूड असतात म्हणत असाल तर थोडंफार मानतो, त्यांत रक्त खेळतं.

राहिलं येऊर. अहो, तो डोंगर पाचशे मीटरच्या आतला, खाडीपेक्षा फार तर तीन अंश गार! हिवाळ्यात तिथे झाडात "चिस्-ली" ऐकू आलं की मान वर करा, हिमालयात उन्हाळा काढून आलेला ग्रीनिश वार्बलर असेल, वजन आपल्या चिमणीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं.