दादा, मामा की पापा?

काल अकरा ते सव्वातीन या वेळात मला चार अनोळखी लोकांनी "मामा" म्हणून हाक मारली. मी बेचाळीसचा आहे, केस बऱ्यापैकी काळे आहेत आणि मला सख्खी, चुलत, मावस कसलीही बहीण नाही, त्यामुळे हा अन्याय आहे आणि तो गाडीच्या नंबर प्लेटमुळे झालाय.

गाडी सेकंडहँड. २०१६ चं मॉडेल, कुडाळच्या एका कॉन्ट्रॅक्टरच्या मेव्हण्याकडून घेतलेली, नंबर एमएच ०७ आणि पुढे ४१४१. हा नंबर मी मागितला नव्हता, मी फक्त एसी चालतो का एवढंच विचारलं होतं. पण आधीच्या मालकाने तो हौसेने पैसे भरून घेतलेला आणि प्लेटवर असा रंगवून घेतलेला की इंग्रजी चाराला पोट आणि शेपटी, एकावर आडवी रेघ, झालं, दादा. तेव्हापासून तीन वर्षं मी दादा म्हणून फिरतोय. पेट्रोल पंपावरचा पोरगा प्लेट बघून दोन सेकंद सरळ उभा राहतो, मग काचेतून मला बघतो आणि परत वाकडा होतो.

खरं सांगायचं तर मला स्वतःला नंबर वाचायचा नाद आहे. आमच्याकडे गणपतीत हायवेला चहाच्या टपरीवर बसलं की दुसरा उद्योगच नसतो. ०४ आली की ठाण्याचे चाकरमानी, ४३ वाशीचे, ४८ वसईचे, ०९ म्हणजे कोल्हापूरकर, ते गणपतीला नाही, सुरमई खायला येतात. आणि मग ते ८०५५ वाले. आठ म्हणजे बी, शून्य म्हणजे ओ, दोन पाच म्हणजे दोन एस, मिळून बॉस. आतमध्ये बॉस असतो तो मागच्या सीटवर मुलाची ओकारी पुसत असतो.

असो. तर १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची केली, आणि मी मुदत पुढे जाताना बघत बसलो, आधी ३१ मार्च, मग एप्रिलअखेर, मग जूनअखेर, मग १५ ऑगस्ट, म्हटलं अजून जाईल, तर गेलीच. शेवटी बायकोने वैतागून ऑनलाइन ८७९ रुपये १० पैसे भरून टाकले (ते १० पैसे नक्की कशाचे, त्या होलोग्रामचे का?) आणि मला कालची अकराची अपॉइंटमेंट मिळाली. कणकवलीत एका गॅरेजमागे पत्र्याची शेड. प्लेट आलेली होती, प्लेट बसवणारा पोरगाही होता, पण रिव्हेट मारायची गन दुसऱ्या सेंटरला गेलेली. "येता दहा मिनटात," असं तो म्हणाला. तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

तिथे उलट्या ठेवलेल्या कोल्ड्रिंकच्या क्रेटवर एक आजोबा बसले होते. पट्ट्यापट्ट्याची हाफपँट, बनियन, चष्म्याला मागून सुतळी बांधलेली. यांची गाडी कुठली म्हणून मी आजूबाजूला बघितलं. नंतर कळलं त्यांना गाडीच नाही, सायकलसुद्धा नाही, ते मागच्याच घरात राहतात आणि ही शेड सुरू झाल्यापासून रोज इथे येऊन बसतात. जसं काही लोक रोज कोर्टात जाऊन बसतात तसं.

"तू कोणाचो रे?"

याला आमच्याकडे नुसतं नाव सांगून भागत नाही. मी गाव सांगितलं, वाडी सांगितली, आजोबांचं नाव सांगितलं, आजोबांचं आणि त्यांच्या भावाचं माडांवरून काय झालं तेही थोडं सांगितलं. समाधान झाल्यावर ते गाडीकडे वळले.

"ह्यां काय लिवलला हा?"

"दादा," मी जरा ओशाळून म्हटलं.

"मामा असा तां."

"नाही हो, दादा. चार म्हणजे द आणि एक म्हणजे काना."

आजोबा उठले. क्रेट पायाने बाजूला सारला. शेजारी एका बाईंची स्कूटर होती, ०२१४, त्यातला शून्य उडदाएवढा काढलेला.

"ह्यां वाच."

"राम."

"चार खय असा?"

"शेवटी."

"म्हणजे चार काय झालो?"

"...म."

"मगे तुज्या गाडयेर येवन तो द कसो झालो?"

मी खरंच उत्तर शोधत होतो. चाराचं पोट दाखवलं, शेपटी दाखवली, ही रंगवायची पद्धत आहे असं म्हटलं. आजोबा म्हणाले अक्षर एक तर असता नायतर नसता. तेवढ्यात पलीकडच्या टेम्पोवाल्याला चेव आला, त्याचा नंबर ४९१२, तो म्हणाला आमचो चार प असा, प, व, काना, र, पवार. आजोबांनी बोटावर मोजून बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"मगे ह्यो पापा!"

शेड हसली. राम स्कूटरवाल्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या. पण आजोबांचं काम गंभीर होतं, ते दोन पावलं मागे गेले, एकदा प्लेट बघितली, एकदा मला नीट निरखलं आणि निकाल दिला, "पापा नको. ह्येच्या तोंडार मामाच दिसता." आणि वर, "ज्येणा तुका दादा म्हणून ही गाडी इकल्यान, तेणा तुका मामा केल्यान."

हे लागलं, कारण हे खरं आहे. या "दादा"पायी दोन वर्षांपूर्वी ऐन गणपतीत हवालदारमामांनी मला थांबवून ५०० ची पावती फाडली, अक्षर नियमात नाही म्हणून, अंकाची उंची ६५ मिलिमीटर हवी वगैरे सगळं ऐकवलं, पुढच्या वेळी १५०० असंही सांगितलं. ते बरोबरच होतं. पण मी पाकीट काढत असताना शेजारून एक पांढरी गाडी गेली, तिच्या प्लेटवर नंबर शोधायला लागत होता, अर्ध्या भागात साहेबांचा फोटो, आणि मामांनी तिला हात वर करून वाट करून दिली. ज्याच्याकडे खरंच कोणी दादा आहे त्याला प्लेटवर काय लिहिलंय याने फरक पडत नाही. ०००१ ला चारचाकीसाठी आता ५ लाख मोजावे लागतात, मुंबई-पुण्याकडे ६. तेवढ्यात माझी अख्खी गाडी येते, एसीसकट.

गन पावणेतीनला आली. तोपर्यंत चहावाला पोरगाही "मामा, साखर कमी काय?" विचारून गेला होता. नवी प्लेट बसली, कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, खाली निळ्या रंगात आयएनडी, आणि चार तो चार, एक तो एक, पोट नाही, शेपटी नाही. "मामा, बाजूक व्हा, फोटो काढूचो हा," पोरगा म्हणाला. जुनी प्लेट नियमाप्रमाणे मोडायची असते म्हणून त्याने ती गुडघ्यावर घेऊन मधोमध तोडली.

"ती माका दी," आजोबा म्हणाले, "कोंबयांच्या खुराड्याक एक फळी कमी असा."

दोन तुकडे घेतले, एक काखेत धरला, दुसरा माझ्या काचेसमोर धरला.

"आता ह्यां काय वाचतंस?"

"एक्केचाळीस," मी म्हटलं आणि काच वर केली. मग परत खाली करावी लागली, एसी चालत नाही.