बल्ब सिरीजमध्ये लावल्याने शॉक टळत नाही

थर्माकोल कापायचं यंत्र घरीच बनवा, असा एक व्हिडिओ जिकडेतिकडे फिरतोय. तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि त्याने मला सामानाची यादी पाठवली: नायक्रोम तार (हीच तापून थर्माकोल कापते), लाकडी चौकट, 100 वॅटचा पिवळा बल्ब, होल्डर, प्लग. ट्रान्सफॉर्मर नाही. कारण व्हिडिओवाला सांगतो, 'ट्रान्सफॉर्मरचा खर्च कशाला? बल्ब सिरीजमध्ये (तारेच्या मागोमाग, एकाच वाटेत) लावला की करंट कमी होतो, शॉक बसत नाही. तार तापली नाही तर बल्बच्या जागी इस्त्री जोडा.' भाचा नववीत आहे. त्यामुळे हे लिहिणं भाग आहे.

करंट कमी होतो हे खरं, पण किती? 230 व्होल्टवर 100 वॅटचा बल्ब पेटलेला असताना 430 मिलिअँपियर वाहतो. शरीरावर करंटचा काय परिणाम होतो ते आयईसी 60479 या आंतरराष्ट्रीय मानकात दिलंय. 10 मिलिअँपियरच्या आसपास स्नायू आखडतात, हात सुटत नाही. 30 मिलिअँपियरहून जास्त करंट थोडा वेळ टिकला तर हृदयाची लय बिघडू शकते. आता तुम्हीच तारेला हात लावलात असं धरा. शरीराचा रोध साधारण 1,500 ओहम, बल्बच्या आतल्या थंड तारेचा, फिलामेंटचा, जेमतेम 40. जवळजवळ सगळा दाब (व्होल्टेज) शरीरावरच येतो आणि 150 मिलिअँपियर वाहतो. बल्ब पेटतही नाही. इस्त्री लावली तरी तेच.

याहून घातक गोष्ट व्हिडिओत कुठेच नाही. कापताना तार तुटते, आणि ती वारंवार तुटते. तुटली की सर्किट उघडं पडतं, बल्ब विझतो. पाहणाऱ्याला वाटतं, लाइट गेली. तो लोंबणारं टोक पकडून पुन्हा स्क्रूला गुंडाळायला जातो. फेजकडच्या त्या टोकावर तेव्हा पूर्ण 230 व्होल्ट असतात, बल्ब अलीकडे असो की पलीकडे.

बरं, एवढा जीव धोक्यात घालून थर्माकोल तरी कापला जातो का? 0.4 मिलिमीटर जाडीच्या अर्ध्या मीटर तारेचा रोध सुमारे 4.4 ओहम. 0.43 अँपियरने तिच्यात एक वॅटसुद्धा उष्णता होत नाही. म्हणून तर इस्त्रीचा सल्ला द्यावा लागला!

'एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) आहे ना' म्हणे. एमसीबी कित्येक अँपियरला पडते, तिला 150 मिलिअँपियर कळतही नाहीत. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर जमिनीकडे गळणारा करंट ती ओळखेल, पण एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर तीही गप्प बसेल. डिमर किंवा व्हेरिॲक (व्होल्टेज कमी-जास्त करणारी साधनं) लावूनही तार मेन्सपासून, म्हणजे घरातल्या 230 व्होल्टच्या विजेपासून, वेगळी होत नाही.

व्हिडिओवाल्याची एक गोष्ट मात्र बरोबर आहे, मान्य करतो: तार तापवायला डीसी लागत नाही, रेक्टिफायरशिवाय (एसीचा डीसी करणाऱ्या भागाशिवाय) चालतं. पण एसी चालतो म्हणजे थेट भिंतीतला एसी चालतो असं नाही.

'तार लाल होऊ द्या' हे त्याचं म्हणणंही चूक. थर्माकोल 100 अंशांच्या आसपासच मऊ पडतो. लाल तारेने चीर रुंद होते आणि धूर वाढतो. गादीचा पीयू फोम किंवा पीव्हीसी तर या तारेने कापूच नका, त्यांचा धूर विषारी असतो. थर्माकोल कापतानाही खिडकी उघडी हवी.

ट्रान्सफॉर्मरचा खर्च कशासाठी, तर त्यातल्या दोन वाइंडिंग (तारेची वेटोळी) एकमेकांपासून वेगळ्या असतात म्हणून. आयईसी 61558-2-6 मध्ये बसणारा आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर घ्या, 12 व्होल्ट, 5 अँपियर, मधे 6 आणि 9 व्होल्टचे टॅप (कमी व्होल्ट काढायच्या जोडण्या) असलेला. वर दिलेल्या तारेतून 12 व्होल्टला पावणेतीन अँपियर जातो. थर्माकोलला बहुधा 6 ते 9 व्होल्टच पुरतात. प्रायमरी (मेन्सकडची) आणि सेकंडरी (तारेकडची) दोन्हीकडे फ्यूज, कोअरला अर्थिंग, मेन्सच्या सगळ्या जोडण्या बंद डब्यात. प्रायमरीची जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. किंवा सरळ तयार, बंद 12 व्होल्टचा 5 अँपियरचा ॲडॉप्टर घ्या आणि डीसी बाजूला पीडब्ल्यूएम कंट्रोलर (वीज भराभर चालू-बंद करून उष्णता कमी-जास्त करणारा) लावा. भाच्याला मी हाच दुसरा मार्ग सांगितलाय.