वाड्यात मैफल भरवायची तर आधी जिना मोजा

ठाण्यात एखाद्या जुन्या वाड्याची डागडुजी सुरू झाली की कुणीतरी म्हणतंच, "इथे काय सुंदर मैफली होतील!" होतीलही. ठाण्याला ऐकणारे कान आहेत. संगीतभूषण राम मराठे याच गावात राहिले, त्यांच्या नावाचा महोत्सव महापालिका भरवते आणि दिवाळी पहाटेला तलावपाळीवर पाय ठेवायला जागा नसते. पण गडकरी रंगायतन काय किंवा घाणेकर नाट्यगृह काय, मुख्य सभागृह हजारभर माणसांचं. शंभर जण बसतील आणि गवयाने घेतलेला श्वासही ऐकू येईल, अशी जागा हवीच. माझा आक्षेप आहे तो कामाच्या क्रमाला. झुंबर आधी, उद्घाटनाचे पाहुणे आधी. जिना, शौचालय आणि वायरिंग "नंतर बघू".

माडीवरच्या तक्तपोशीच्या, म्हणजे फळ्यांचं छत असलेल्या खोलीची सगळ्यांना भुरळ पडते. तिथे श्रोते बसवू नका. राहत्या घराचा मजला चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून केलेला असतो; खुर्च्या पक्क्या न बसवलेल्या सभागृहाला भारतीय मानकात हाच आकडा ५०० किलो आहे. शिवाय राष्ट्रीय बांधकाम संहितेत सभागृहाच्या जिन्याची रुंदी किमान २ मीटर, आणि वाड्याचा जिना असतो अडीच-तीन फुटांचा, तोही भिंतीतला. तो रुंद करायचा तर निम्मा वाडा उकलावा लागेल. म्हणून श्रोते तळमजल्यावर, आणि माडी कलाकारांना: पाच-सहा माणसं, दोन तंबोरे, चहाचा थर्मास.

तळमजल्यालाही दोन दारं हवीत, एकमेकांपासून लांब आणि बाहेर उघडणारी. आता चपलांचं सांगतो. शंभर माणसं म्हणजे शंभर जोड, आणि ते नेमके उंबऱ्याबाहेर ढिगाने पडतात, म्हणजे आग लागली तर पळायच्या वाटेवर. चपलांचे घोडे अंगणात, दारापासून दहा फूट लांब ठेवा आणि तिथे एक माणूस उभा करा. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे 'बी' फॉर्म, परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैमध्ये भरायचा असतो, तो चुकवू नका.

दुरुस्तीतली सगळ्यात महाग चूक म्हणजे सिमेंट. जुनी भिंत वीट किंवा दगड आणि चुन्याची. जमिनीतली ओल ती वर खेचते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर टाकते. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की पहिलं वर्ष भिंत गुळगुळीत, देखणी दिसते. पण ओलीला बाहेर पडायची वाट उरत नाही. ती भिंतीतल्या भिंतीत आणखी वर चढते आणि तुळईची टोकं जिथे भिंतीत रुतलेली आहेत तिथे मुरते. टोक कुजतं, मग वाळवी येते, आणि हे सगळं गिलाव्याआड चालल्यामुळे दिसत नाही. दिसतो तो खालचा लोणा: पांढरी भुकटी, फुगलेले पोपडे. त्यावर रंगारी पुट्टी भरतो आणि वर प्लास्टिक पेंट मारतो, म्हणजे राहिलेली भोकंही बंद!

करायचं ते असं. सिमेंट छिन्नीने हळू उतरवा, ब्रेकर लावू नका. भिंत एक उन्हाळा उघडी सुकू द्या. मग भिजवून मुरवलेला चुना एक भाग आणि धुतलेली, खारी नसलेली वाळू तीन भाग. एका थराला १० ते १२ मिलीमीटर, त्याहून जाड नाही. दोन थरांत घाई केली किंवा ऊन लागू दिलं तर केसासारख्या चिरा पडतात, म्हणून ओली गोणपाटं लावून भिंत निदान दोन आठवडे दमट ठेवायची. शेवटी चुन्याचीच सफेदी. आणि या भिंतीत फास्टनर ठोकून स्पीकर टांगू नका. जुनी वीट फुटते. स्पीकर स्टँडवरच बरे.

आता आवाज. समजा दालन ४० फूट लांब, २६ फूट रुंद, १५ फूट उंच आहे. चुन्याच्या भिंती, शहाबादी फरशी, लाकडी छत. अशी रिकामी खोली टाळी वाजवल्यावर चार सेकंदांच्या आसपास घुमते. तिथेच शंभर माणसं बसली की घुमणं सव्वा सेकंदावर येतं, कारण माणूस आणि त्याचे कपडे आवाज पितात. ख्यालाला, नाट्यगीताला एवढा घुमारा छान. गोंधळ होतो तो दुपारच्या साउंड चेकला. रिकाम्या दालनात सगळं गिचमिड ऐकू येतं, साउंडवाला ट्रेबल चढवतो, आणि संध्याकाळी तोच आवाज कानात टोचतो. उपाय साधा आहे. साउंड चेकच्या वेळी सतरंज्या, गाद्या, तक्के सगळं पसरून ठेवा, मागच्या भिंतीवर जाड पडदे ओढा, आणि माणसं बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत पुन्हा कान लावा. पडदे मग उघडता येतात.

शंभर माणसांना ८ इंची दोन स्पीकर पुरतात. सबवूफर आणूच नका. माईकची शिट्टी बसते ती बहुतेक वेळा श्रोत्यांकडच्या स्पीकरमुळे नाही, मंचावरच्या मॉनिटरमुळे, म्हणजे कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेल्या स्पीकरमुळे. हार्मोनियमवाला म्हणतो वाढवा, मग तबलजी म्हणतो वाढवा, आणि तंबोऱ्याचा माईक सगळंच उचलतो. अशा दालनात मॉनिटर न लावता सुरुवात करून बघा. बैठकीचा चौथरा १२ बाय ८ फूट, उंची एक फूट. तो पोकळ असेल तर डग्ग्याबरोबर ढोलासारखा वाजतो. १८ मिलीमीटर प्लायचे दोन थर, मध्ये रबर मॅट आणि पोकळीत ग्लासवूल, एवढ्याने तो गप्प होतो. जुलैत तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडते, वादक गट्ठे ठोकून सूर चढवतो आणि एसी सुरू झाला की तासाभरात तोच तबला वर चढून बसतो. म्हणून एसी दोन तास आधी लावा, वाद्यं तासभर आधी आत आणा, जुळवाजुळव त्यानंतर.

साउंड आणि लाइट एकाच सर्किटवर घेतले की डिमरची (दिवे मंद-प्रखर करणाऱ्या यंत्राची) घरघर स्पीकरमधून येते. सर्किट वेगळी ठेवा, अर्थिंग नव्याने करून घ्या, प्रत्येक सर्किटला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवा.

शेजारी हा तुमचा पहिला श्रोता, आणि तो तिकीट काढत नाही! मंगलोरी कौलं आवाज अडवत नाहीत. वाशांखाली फळ्यांचं छत आणि त्यावर ५० मिलीमीटर रॉकवूल टाकलं तर वरचे स्वर बरेच अडतात, ठेका मात्र बाहेर जातोच. वासे झाकताना हवा खेळती ठेवा आणि कौलं चाळायला माणूस वर जाऊ शकेल अशी झडप ठेवा. हे काम दर मे महिन्यात निघणार. निवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० नंतर ४५. बंद सभागृहाला रात्रीची सवलत नियमात आहे, पण कौलारू वाडा बंद आहे असा दावा शेजाऱ्यासमोर करून दाखवा. साडेसहाला सुरू, सव्वानऊला समाप्त. डोंबिवली-कल्याणहून आलेल्यांनाही हीच वेळ सोयीची, आणि साडेसहा म्हणजे साडेसहाच. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, मनोगत यांत पाऊण तास घालवणाऱ्या आयोजकाला पुढची तारीख देऊ नका. पुढच्या दोन रांगा मान्यवरांसाठी राखून रिकाम्या ठेवणाऱ्यालाही नाही.

"सर्वांचं स्वागत" असं फलकावर लिहिणं सोपं. हिशेब करा: शंभरात पन्नास बायका, मध्यंतरात त्यांतल्या पंचवीस जणी शौचालयात जाणार, प्रत्येकीला अडीच मिनिटं. एकच शौचालय असेल तर तासाभराचं काम. तीन असतील तर वीस मिनिटांत आटोपतं. ती मागच्या अंगणात स्वतंत्र बांधा, जुन्या भिंतीला ओल लागता कामा नये. सहा इंचांचा उंबरा कापू नका. १२ इंचांना एक इंच चढ धरून सहा फुटांचा सुटा लाकडी उतार टाका, म्हणजे व्हीलचेअर आत येते. निम्म्याहून जास्त बैठक खुर्च्यांची ठेवा, गुडघे सगळ्यांचेच कुरकुरतात. खुर्च्यांना रबरी टोप्या घाला, नाहीतर आलापीत शहाबादीवर एक खुर्ची सरकली की संपलं. आणि भजनी मंडळ, गझल, कोळीगीतं, कॉलेजच्या पोरांचा बँड, सगळ्यांना भाडं एकच. शास्त्रीय संगीताला सवलत आणि बाकीच्यांना नाक मुरडणं असं चाललं की जागा चार घरांची होते.

पैशाचं थोडक्यात. तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर मैफलीच्या प्रवेशावर जीएसटी नाही. ३०० रुपयांची ८० तिकिटं गेली तर २४,००० जमतात. त्यात कलाकारांचं मानधन आधी बाजूला काढा, उरेल त्यात दालन चालवा. पोलिसांचा परफॉर्मन्स परवाना लागतो, आणि हक्क चालू असलेली गाणी तिकीट लावून गायची असतील तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा परवानाही.

कार्यक्रम संपला की दारं-खिडक्या लगेच लावून घेऊ नका. बसलेला माणूस तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी श्वासातून-घामातून सोडतो. शंभर जण अडीच तास बसले तर बारा-साडेबारा लिटर. एसीने थोडं काढलं असेल, बाकीचं चुना पितो. पंखे तासभर चालू, खिडक्या उघड्या, आणि सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात न टाकता रात्रभर दांडीवर. पाऊस नसेल तर सकाळी त्यांना ऊन द्यायचं.