रिव्हॉल्व्हरचे काडतूस दातांनी का फाडले नाही: आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाची रणभूमी असलेल्या गेटिसबर्गजवळच्या आमच्या कागदी काडतुसांच्या कार्यशाळेला आपण एकच तारा दिला आहे. काडतूस दातांनी फाडून दाखवले नाही, बंदुकीच्या दारूऐवजी रवा भरायला दिला आणि मुलाने केलेल्या सहा काडतुसांपैकी दोन मुक्कामी पोचेपर्यंत फाटली, अशा आपल्या तीन तक्रारी आहेत. "हा इतिहास नव्हे, शाळेतली हस्तकला आहे" हे आपले वाक्य मला लागले, हेही सांगतो.

पहिल्या तक्रारीचे मूळ आमच्याच चुकीत आहे. आमच्या माहितीपत्रकावर काडतूस दातांत धरलेल्या शिपायाचे चित्र होते, आणि ते काडतूस लांब नळीच्या बंदुकीचे. १८५७ साली मेरठच्या छावणीत जे हाती घ्यायला शिपायांनी नकार दिला, ते काडतूसही त्याच जातीचे: कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि मग गोळी ठासायची. मराठी माणसाला कागदी काडतूस म्हटले की तेच आठवते. आम्ही ते चित्र दाखवून आपल्याला दुसरीच वस्तू करायला बसवले. चित्र आता काढून टाकले आहे.

आपण केलेले काडतूस १८६० च्या कोल्ट आर्मी रिव्हॉल्व्हरचे होते, आणि ते फाडायचेच नसते. त्याचा पातळ कागद शोरा या दारूतल्या क्षाराच्या पाण्यातून काढलेला असे, म्हणजे तो दारूबरोबर जळून जाई. अख्खे काडतूस चक्राच्या घरात ठेवून नळीखालच्या दांड्याने ठासायचे, मागे ठोका बसताच पेटणारी छोटी टोपी बसवायची, आणि टोपीची ठिणगी कागद भेदून आत पोचे. घोड्यावर बसलेल्या स्वाराला दारू मोजत बसण्यापासून सुटका मिळाली ती यामुळे. शोरा हिंदुस्थानातून येई आणि १८६१ मध्ये, युद्ध पेटले असताना, दारू बनवणाऱ्या ड्यूपाँट या अमेरिकी कंपनीच्या माणसाला त्याच्या खरेदीसाठी इंग्लंड गाठावे लागले, ही हकिकत आमच्या सहकाऱ्याने त्या दिवशी बरीच रंगवून सांगितली होती. अभिप्रायात तिचा उल्लेख दिसला नाही, याचे त्याला वाईट वाटले.

रव्याबाबत मात्र माघार घेणार नाही. काळी दारू एका ठिणगीने पेटते, आणि मुले बसतात त्या खोलीत दारू किंवा शिसे येणार नाही, म्हणूनच गोळीही लाकडी दिली होती. जाता जाता सांगतो, काळ्या दारूची रिव्हॉल्व्हर चालवणारे इथले हौशी नेमबाजही दारू आणि गोळी यांच्यामधली जागा भरायला कधी कधी रवाच वापरतात.

फाटलेल्या दोन काडतुसांचा दोष चिरंजीवांचा नाही. निमुळत्या लाकडी दांडीवर त्यांनी कागद घट्ट गुंडाळला होता आणि डिंकही बेताने लावला होता. कागद इतका नाजूक असल्यामुळेच त्या काळचे कारखानदार सहा भोके पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात सहा काडतुसे बसवून वरून कागद गुंडाळत. आम्ही ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली. हा आमचा कंजूषपणा झाला. या महिन्यापासून प्रत्येकाला ठोकळा देत आहोत.

आपलाही ठोकळा तयार आहे. नोंदणी केलेल्या ई-मेलवरून पत्ता कळवावा, म्हणजे त्यासोबत कागद, दोन लाकडी गोळ्या आणि गुंडाळायची दांडी पाठवतो. रवा घरचा चालेल.