बेकनचं बंड ही स्वातंत्र्याची पहिली लढाई नव्हती

१६७६ साली, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत नथॅनिएल बेकन नावाच्या तरुणानं राजानं नेमलेल्या जुलमी गव्हर्नरविरुद्ध बंड केलं. गरीब गोरे आणि काळे गुलाम त्याच्यामागे एक झाले. राजधानी जाळली. घाबरलेल्या सत्ताधाऱ्यांनी मग या दोघांत फूट पाडण्यासाठी वंशभेद जन्माला घातला. म्हणून बेकन हा अमेरिकेचा पहिला स्वातंत्र्यवीर.

ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते आहे. व्हर्जिनियातून निघालेल्या जुन्या घराण्यांत ‘आमचा पूर्वज बेकनबरोबर होता’ असं अभिमानानं सांगितलं जातं. जुलमी सत्तेपुढे उभा राहिलेला पूर्वज कोणाला नको असतो? पण या गोष्टीचा एकेक दुवा ओढून पाहिला तर बहुतेक दुवे तुटतात, आणि त्यांच्याखाली दडपलेली माणसं दिसू लागतात. ती माणसं दिसावीत एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आधी खरं काय ते मान्य करू. गव्हर्नर सर विल्यम बर्कली लोकांना नकोसा झाला होता आणि त्याला सबळ कारणं होती. १६६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून १६७६पर्यंत त्यानं प्रतिनिधी सभेची सार्वत्रिक निवडणूकच घेतली नाही. मर्जीतली जुनी सभा चालू ठेवली. १६७० साली जमीन किंवा घर नसलेल्यांचा मताधिकार गेला. तंबाखूचा भाव पडलेला, आणि कर मात्र डोईपट्टीचा. हजारो एकरांचा धनी आणि एका झोपडीचा मालक, दोघांना माणशी सारखाच कर, तोही तंबाखूत. १६७३ साली राजा दुसऱ्या चार्ल्सनं आपल्या दोन सरदारांना व्हर्जिनिया ३१ वर्षांसाठी बहाल केला. ती सनद रद्द करून घ्यायला लंडनला माणसं पाठवायची म्हणून आणखी पट्टी बसली. ‘इथे मोफत शाळा नाहीत, छापखाना नाही, याबद्दल देवाचे आभार’ असं बर्कलीनं १६७१ साली लंडनला कळवलं होतं. लोक चिडले यात नवल नव्हतं, आणि त्यांची चीड न्याय्य होती. प्रश्न आहे तो त्या चिडीचं बेकननं काय केलं हा.

बेकन गोरगरिबांतून वर आलेला होता, असं चित्र रंगवलं जातं. तो सफोकमधल्या जमीनदाराचा मुलगा होता, केंब्रिजला शिकलेला. इंग्लंडमध्ये एका फसवणुकीच्या व्यवहारात त्याचं नाव आलं, तेव्हा बापानं १८०० पौंड हाती देऊन त्याला १६७४ साली व्हर्जिनियाला धाडलं. गव्हर्नरची बायको फ्रान्सिस त्याच्या नात्यातली. आल्यावर वर्षभराच्या आतच, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याला गव्हर्नरच्या कौन्सिलात जागा मिळाली. ती जागा देणारा बर्कलीच होता.

आता मुख्य मुद्दा: हा लढा हक्कांसाठी होता का?

ठिणगी पडली १६७५च्या उन्हाळ्यात. एका गोऱ्या मळेवाल्यानं डोएग जमातीच्या लोकांचे पैसे बुडवले म्हणून भांडण झालं, दोन्हीकडे माणसं मेली. बदला घ्यायला निघालेल्या गोऱ्यांच्या तुकडीनं डोएगांबरोबर, या भांडणाशी काही संबंध नसलेल्या सस्क्वेहॅनॉक लोकांनाही मारलं. सप्टेंबरात मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या फौजेनं सस्क्वेहॅनॉकांच्या गढीला वेढा घातला, आणि बोलणीसाठी बाहेर आलेले त्यांचे पाच प्रमुख ठार मारले गेले. व्हर्जिनियाच्या तुकडीचं नेतृत्व करणाऱ्यांत जॉन वॉशिंग्टन होता. जॉर्ज वॉशिंग्टनचा पणजोबा. ‘त्यांनी माझे आईबाप, आजाआजी मारले असते, तरी ते तहाला आले होते तर त्यांना सुखरूप परत जाऊ द्यायला हवं होतं,’ असं बर्कली भर सभेत म्हणाल्याचं तिथल्या एका सभासदानं पुढे लिहून ठेवलं आहे. माणूस हेकट होता, लोभी होता, पण या एका वाक्यात तो बेकनपेक्षा कितीतरी उंच ठरतो असं मला वाटतं.

सस्क्वेहॅनॉकांनी सूड घेतला. सरहद्दीवरची वस्ती हादरली. बर्कलीचं म्हणणं होतं, सरहद्दीवर, नद्यांच्या वरच्या भागात गढ्या बांधू, आणि जे मूळ रहिवासी मांडलिक आहेत, तहानं बांधलेले आहेत, त्यांना हात लावायचा नाही. बेकनला हा भेदच मान्य नव्हता. त्यानं आपल्या जाहीरनाम्यात लिहून ठेवलं की सरसकट सगळ्या इंडियनांचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा, नायनाट करायचा आणि त्यांच्याशी सगळा व्यापारही बंद पाडायचा, हा आपला हेतू आहे. हे कोणी शत्रूनं त्याच्या तोंडी घातलेलं नाही.

आणि त्यानं तसंच केलं. मे १६७६मध्ये तो माणसं घेऊन रोअनोक नदीतल्या बेटावर ऑकेनीची जमातीच्या लोकांकडे गेला. ते इंग्रजांचे मित्र होते. त्यांनी त्याच्यासाठी सस्क्वेहॅनॉकांवर हल्ला करून कैदी आणून दिले. मग लुटीवरून आणि बीव्हरच्या कातड्यांवरून बाचाबाची झाली, आणि बेकनच्या माणसांनी त्याच यजमानांवर गोळ्या झाडल्या, बायकामुलं आत असताना त्यांची गढी जाळली. बंडातला हा पहिला ‘विजय’. गव्हर्नरनं त्याला बंडखोर ठरवलं ते याच सुमारास, सनद नसताना फौज घेऊन निघाल्याबद्दल.

पामंकी लोकांची कहाणी तर मन सुन्न करणारी आहे. १६४६च्या तहानुसार ते मांडलिक होते. त्यांची राणी कॉकाकोएस्के. तिचा नवरा टोटोपोटोमॉय १६५६ साली इंग्रजांच्या बाजूनं लढताना आपल्या अनेक योद्ध्यांसह पडला होता, आणि त्याबद्दल तिच्या लोकांना काहीही मिळालं नव्हतं. १६७६च्या जूनमध्ये कौन्सिलनं तिला बोलावून पुन्हा माणसं मागितली, तेव्हा ती नवऱ्याचं नाव घेऊन ‘टोटोपोटोमॉय मेला’ असं आपल्या भाषेत ओरडली. तरीही तिनं बारा माणसं कबूल केली. त्यानंतर दोनतीन महिन्यांतच बेकन तिच्याच लोकांच्या शिकारीला ड्रॅगन दलदलीत उतरला. इंग्रजांवर बाण किंवा बंदूक चालवायची नाही, असा राणीचा हुकूम होता. बेकनच्या माणसांना एक म्हातारी दाई सापडली, तिला त्यांनी वाट दाखवायला लावली. तिनं मुद्दाम उलट्या दिशेला नेलं, तेव्हा बेकननं तिला डोक्यात घाव घालून मारायला सांगितलं. पंचेचाळीस जण कैद झाले. राणी एका लहान मुलासह रानात दडून राहिली. हे सगळं राजानं पुढे पाठवलेल्या चौकशी आयुक्तांच्या अहवालात आहे, आणि ते आयुक्त बर्कलीचे मित्र नव्हते.

ज्याला कोणाला बेकनला स्वातंत्र्यवीर म्हणायचं आहे, त्यानं त्या म्हाताऱ्या दाईचं काय ते आधी सांगावं.

‘बेकनचे कायदे’ म्हणून जे सांगितले जातात ते जून १६७६च्या सभेचे. त्यांत मताधिकार परत दिला, शेरीफांच्या मुदतीवर मर्यादा घातली. चांगली कलमं होती. पण ती बहुतांशी सभासदांनी आपणहून केलेली होती. बेकननं पाचशे हत्यारबंद माणसं राजधानी जेम्सटाउनमध्ये आणली ती सेनापतिपदाची सनद मागण्यासाठी. गव्हर्नरनं छाती उघडी करून ‘मारा मला’ म्हटलं, तो प्रसंग याच दिवसाचा. त्याच सभेनं केलेला आणखी एक कायदा अभिमानानं सांगणाऱ्यांच्या यादीत कधीच नसतो: युद्धात पकडलेले इंडियन जन्मभराचे गुलाम. बंड मोडल्यावर जूनचे कायदे रद्द झाले, पण पकडलेले इंडियन गुलाम सैनिकांनी ठेवून घ्यावेत ही सवलत मात्र नव्या सभेनं पुन्हा दिली. दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

आता गोऱ्या-काळ्यांच्या एकजुटीबद्दल. यात तथ्य आहे आणि ते मी कमी करून सांगणार नाही. बेकननं आपल्या विरोधकांच्या करारबद्ध नोकरांना आणि गुलामांना मुक्तीचं वचन दिलं, आणि अनेक जण आले. पण विरोधकांच्या, हा शब्द सोडू नका. त्याच्या स्वतःच्या बाजूच्या मळेवाल्यांचे गुलाम गुलामच राहणार होते. २६ ऑक्टोबर १६७६ रोजी बेकन रक्ताच्या हगवणीनं मेला. नंतरही जे टिकून राहिले त्यांच्यासाठी ती लढाई खरोखरच मुक्तीची होती, बेकनच्या मनात काहीही असलं तरी. जानेवारी १६७७मध्ये ‘कॉनकॉर्ड’ जहाजाचा कप्तान थॉमस ग्रँथम वेस्ट पॉइंट भागातल्या बंडखोरांशी बोलायला गेला. माफीच्या आणि मुक्तीच्या आश्वासनांवर बहुतेकांनी हत्यारं टाकली. शेवटी उरले सुमारे ऐंशी काळे आणि वीस इंग्रज. त्यांना दुसरीकडे पोचवतो असं सांगून ग्रँथमनं नावेत बसवलं, नाव आपल्या जहाजाच्या तोफांखाली आणली आणि त्यांना त्यांच्या मालकांच्या हवाली केलं. या शंभर जणांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत. या बंडात वीर शोधायचेच असतील तर ते इथे आहेत.

हाच ग्रँथम, पुढे ‘सर’ झाल्यावर, मुंबईला आला होता. डिसेंबर १६८३मध्ये मुंबईच्या शिबंदीचा कप्तान रिचर्ड कीग्विन यानं ईस्ट इंडिया कंपनीचा डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्ड याला कैद करून बेट ताब्यात घेतलं. कंपनीनं खर्च कापायचा म्हणून पगारांना कात्री लावली होती. कीग्विननं राज्य केलं ते राजा दुसऱ्या चार्ल्सच्या नावानं, संभाजी महाराजांशी तहही केला, आणि नोव्हेंबर १६८४मध्ये ग्रँथमनं माफीचं वचन दिल्यावर बेट सोडलं. कीग्विनला आपल्यापैकी कोणी भारताचा पहिला स्वातंत्र्यसैनिक म्हणत नाही. राजाशी निष्ठा सांगायची आणि राजाच्या किंवा कंपनीच्या अधिकाऱ्याला हटवायचं, हा त्या काळच्या इंग्रज वसाहतींतल्या बंडांचा नेहमीचा मार्ग होता. बेकनही स्वतःला राजाचा एकनिष्ठ प्रजाजनच म्हणवत होता. ३० जुलैच्या त्याच्या घोषणेत गव्हर्नरवरचे आरोप राजाच्या हितासाठी म्हणून मांडलेले आहेत.

इथे एक गोष्ट दाव्याच्या बाजूनं सांगायला हवी. जॉन गूड नावाच्या शेजाऱ्यानं बर्कलीला कळवलं होतं की इंग्लंडहून फौज आली तर आपण तिच्याशी लढू, मेरीलँड आणि कॅरोलायनाही साथ देतील, असं बेकन त्याच्याशी बोलला. ते संभाषण झालं असावं असं मला वाटतं. पण राजाच्या फौजेनं फासावर चढवू नये म्हणून लढायला तयार होणं वेगळं, आणि स्वतंत्र देश मागणं वेगळं. १७७६ची सावली १६७६वर पाडण्याचं काम नंतरच्यांनी केलं. १८०४ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफर्सनच्या हाती या बंडाची एक जुनी हकिगत आली, ती छापली गेली, आणि तेव्हापासून बेकन देशभक्त होत गेला.

राहिला शेवटचा दावा, की वंशभेद या बंडानंतर मुद्दाम घडवला गेला. कायदे वाचले तर हा टिकत नाही. आई गुलाम तर मूल गुलाम, हा कायदा १६६२चा. बाप्तिस्मा घेतला तरी गुलामगिरी सुटत नाही, हा १६६७चा. मालकाच्या मारहाणीत गुलाम मेला तर तो गंभीर गुन्हा नाही, हा १६६९चा. बंडाच्या आधीच पाया घातलेला होता. बर्कलीच्या १६७१च्या अंदाजात चाळीस हजारांच्या वसाहतीत गुलाम दोन हजार आणि करारबद्ध नोकर सहा हजार होते. हे प्रमाण पुढे उलटलं, त्याला इंग्लंडमधून येणारे नोकर कमी होणं आणि आफ्रिकेतून माणसं विकत आणणं सोपं होणं ही मोठी कारणं होती. बंडाच्या भीतीनं कायदे कडक केले हे खरं. १६८०, १६९१ आणि १७०५चे कायदे त्याची साक्ष देतात. कडक करणं म्हणजे जन्माला घालणं नव्हे.

बर्कलीनं तेवीस जणांना फासावर चढवलं. राजानं त्याला परत बोलावलं आणि तो जुलै १६७७मध्ये लंडनमध्ये, राजाची भेट होण्याआधीच मेला. त्याच वर्षी २९ मे रोजी मिडल प्लँटेशनच्या तहावर कॉकाकोएस्केनं आपली खूण केली. पामंकी लोक आजही दर वर्षी व्हर्जिनियाच्या गव्हर्नरला त्या तहाची खंडणी म्हणून हरीण नेऊन देतात.

ज्यांचा पूर्वज खरंच त्या बंडात होता त्यांच्यासाठी एक सुचवणं. चौकशी आयुक्तांनी १६७७ साली काउंट्यांकडून तक्रारी लिहून मागवल्या होत्या. त्या टिकून आहेत. त्यांत करांचा हिशेब मागणारे, डोईपट्टीच्या ओझ्यानं वाकलेले साधे शेतकरी बोलतात, आणि तेच शेतकरी इंडियनांविरुद्ध युद्धही मागतात. तुमचा पूर्वज शोधायचा असेल तर तिथे शोधा, आणि सापडला तर दोन्ही मागण्या वाचा.