‘हेजिरा’तला बास : साथ की शिरजोरी?

कट्ट्यावर वादाला तोंड फोडले ते वकिलाने. त्याचे म्हणणे असे, की दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणासाठी बोलावलेल्या वादकाने आपली पायरी ओळखावी. बास गिटार (खालच्या, खर्जातल्या स्वरांची गिटार) वाजवणाऱ्या जॅको पास्टोरियसने गायिका जोनी मिचेलच्या १९७६ सालच्या ‘हेजिरा’ या अल्बममध्ये ती ओळखली नाही. गायिकेची ओळ संपते न संपते तोच हा गृहस्थ खालून बोलू लागतो. साथीदार पाहायचा तर बासवादक जेम्स जेमर्सन पाहा, असे वकील म्हणाला. डेट्रॉइटमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांमागून गाणी त्याने वाजवली, पण १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत त्यांच्या अल्बमवर त्याचे नावसुद्धा आले नाही.

मास्तरांनी हे उदाहरण वकिलावरच उलटवले. नाव न छापणे हा कंपनीचा कारभार होता, त्यात वादकाचा विनय कुठून आला? उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने जेमर्सन जे वाजवी ते दबकत वाजवलेले मुळीच नव्हते. मोटाउनच्याच फोर टॉप्स या गायकचमूचे ‘बर्नाडेट’ ऐकताना कान आधी बासकडेच जातात, आणि तरीही ते गाणे गायकाच्या हातून निसटत नाही.

मग आमच्यातला बास वाजवणारा धाकटा सरसावला, आणि माझ्या मते खरा मुद्दा त्यानेच मांडला. मिचेल गिटारच्या तारा स्वतःच्या पद्धतीने जुळवते, त्यामुळे तिच्या कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वरांचे गुच्छ) बऱ्याचदा अधांतरी राहतात आणि त्यांचा मूळ स्वर कोणता हे पटकन ठरत नाही. अशा कॉर्डखाली नेहमीच्या शिरस्त्याने दर मात्रेला मूळ स्वर ठोकणारा बास आला, की तिने मुद्दाम मोकळे ठेवलेले दार बंद होते. जॅकोने १९६२ च्या फेंडर जॅझ बासचे पडदे काढून खाचा बुजवल्या होत्या आणि वर इपॉक्सीचा लेप दिला होता. त्यामुळे त्याला मींड घेता येई, एका स्वरावर रेंगाळता येई आणि हार्मोनिक्स (तारेला नुसता स्पर्श करून काढलेले उंच स्वर) वाजवून गिटारच्याही वर जाता येई. ‘हेजिरा’तल्या ‘कायोटी’ या गाण्यात ड्रम नाहीत, फक्त तालवाद्यांची हलकी साथ आहे. तिथे तो ओळीच्या मध्ये शिरत नाही, ओळ संपून तिने श्वास घेतला की तेवढ्या फटीत उत्तर देतो. ख्यालात तान संपताच हार्मोनियमवाला तिचे शेपूट उचलतो, त्याला आपण शिरजोर म्हणतो का, असे मास्तरांनी मध्येच विचारले. वकिलाने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले.

शिवाय अल्बममधल्या नऊपैकी चारच गाण्यांत जॅको आहे. ‘साँग फॉर शॅरन’ला मॅक्स बेनेटचा साधा, पाय रोवून उभा असलेला बास आहे आणि ‘अमेलिया’त तर बासच नाही. कोणत्या गाण्याला कोण हवे, हे गायिकेने नीट ठरवलेले दिसते. त्यामुळे आगाऊपणाचा आरोप करायचाच असेल, तर तो तिच्या निवडीवर करावा लागेल.

वकिलाच्या बाजूने एक गोष्ट मात्र मला सांगितलीच पाहिजे. १९७६ सालीच रॉक गायक इयन हंटरच्या ‘ऑल अमेरिकन एलियन बॉय’ या अल्बमवर जॅकोने वाजवले, आणि त्यातले शीर्षकगीत ऐकताना माझे लक्ष वारंवार गायकावरून उडते. गाणे सरळ रॉकच्या चालीचे, शब्दांनी खच्चून भरलेले. त्यात बासला उत्तर द्यायला जागाच नाही, म्हणून तेच कसब तिथे उपरे वाटते.

तासाभराने वकिलाने ‘कायोटी’ मान्य केले. ‘हेजिरा’ या शीर्षकगीतात मात्र बासचे थर एकावर एक चढवले आहेत, आणि एका गायिकेमागे इतके बास कशाला, हा त्याचा आक्षेप कायम आहे. तो मलाही पुरता खोडता आलेला नाही.