‘फोर्ट स्टिकीन’ जपान्यांनी उडवलं नव्हतं

एप्रिल आला की हा मजकूर फिरू लागतो: १४ एप्रिल १९४४ रोजी जपानी पाणबुडीने मुंबईत ‘फोर्ट स्टिकीन’ ही ब्रिटिश युद्धनौका उडवली, तिच्यात भारतातून लुटून नेलं जाणारं सोनं होतं आणि इंग्रजांनी हे सगळं कायमचं दाबून टाकलं.

आधी पाणबुडी. जहाज व्हिक्टोरिया गोदीत धक्क्याला लागलेलं होतं, आणि ही गोदी दरवाजे लावून समुद्रापासून बंद करता येणारी. बाहेरच्या पाणबुडीचा टॉर्पेडो आत शिरणार कुठून? शिवाय टॉर्पेडो आधी फुटतो, मग आग लागते. इथे सगळं उलट झालं. दोनच्या सुमारास आगीची वर्दी गेली, बंबवाल्यांनी होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल ठेवायच्या जागेत, शेकडो टन पाणी ओतलं, तरी आगीचं मूळ हाती लागेना. पहिला स्फोट झाला ४ वाजून ६ मिनिटांनी, दुसरा अर्ध्या तासाच्या आत. जहाज बुडवायचं की बाहेर ओढायचं, यावर अधिकाऱ्यांचं एकमत होईपर्यंत वेळ निघून गेली होती. ६६ अग्निशामक त्यात गेले. देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. फिरत्या मजकुरात मात्र त्यांचा उल्लेखही नसतो.

पाणबुडीची गोष्ट टिकली नाही की ‘मग हेरांनी घातपात केला’ असं म्हणतात. चौकशी आयोगाला मात्र आगीची सुरुवात कापसाच्या गाठींत दिसली. कारण बहुधा कोणीतरी टाकलेलं विडी-सिगारेटचं थोटूक. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, आणि त्यांच्याच सोबतीला कराचीत कापूस चढवला. कप्तानाने कुरकूर केली होती, पण युद्धात जहाजं कमी, माल जास्त. एरवी असली स्फोटकं भर पाण्यात बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होड्यांवर, उतरवायची. युद्धाच्या निकडीपायी तो नियम सैल करून जहाज थेट गोदीत घेतलं. हे सगळं आपल्याच बाजूच्या कारभाऱ्यांनी केलेलं. शत्रूची गरज कुठे पडली?

‘युद्धनौका’ म्हणणंही चूक. १९४२ मध्ये कॅनडात बांधलेलं हे साधं मालवाहू जहाज.

सोन्याची गोष्ट तर दिशेतच चुकली आहे. ते भारतातून जात नव्हतं, ब्रिटनमधून मुंबईत येत होतं: ३१ पेट्या, १२४ विटा, एकेक जवळपास पावणेतेरा किलोची. ‘सगळं लोकांनी लुटलं’ अशी पुरवणीही कोणी जोडतं. पण २०११ मध्येसुद्धा गोदीच्या गाळात विटा सापडल्या.

दडपण्याचा आरोप अर्धा खरा. सेन्सॉरने बातमी मे महिन्यापर्यंत अडवून धरली. पण जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव (व्हिएतनाम) रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी सविस्तर सांगितली. इथले अधिकारी गप्प, तिकडे जपानी रेडिओ बोलतोय. अशात लोकांनी जपानचाच हात असल्याचं मानलं असेल तर त्यात नवल नाही. ‘कायमचं’ मात्र काहीच दडपलं नाही. चौकशी आयोग त्याच वर्षी बसला होता.